कष्टाचे माप हलते तेव्हा

रायपूर शहराचा जुना गाभा असलेल्या पुरानी बस्तीत, महामाया मंदिर, जैतूसाव मठ आणि दूधाधारी मठ यांच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये, कागदाचा व्यवहार काही नवा नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात, विशेषतः १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहू लागल्यानंतर, मराठी कारकून आणि त्यांची मोडी लिपी या प्रदेशात आली, आणि १८१८ मध्ये कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलल्यावर दफ्तरही त्याच्या पाठोपाठ येथे आले. त्या दफ्तरी कामाचा आजचा वारस म्हणजे रायपूरकर ज्याला ‘च्वाइस सेंटर’ म्हणतात ते छोटे दुकान. तेथे उत्पन्नाच्या, जातीच्या आणि रहिवासाच्या दाखल्यांचे फॉर्म भरले जातात, नगर निगमाला द्यायची ‘आवेदने’ लिहिली जातात, बायोडाटे तयार होतात आणि एखाद्या मराठी घरातील मुंजीच्या पत्रिकेचा मजकूरही जुळवून दिला जातो.

समजा, अशा दुकानात चॅटजीपीटी किंवा जेमिनीसारखे साधन आले आणि ज्या आवेदनाला पूर्वी वीस मिनिटे लागत ते दोन मिनिटांत पडद्यावर उमटू लागले. साध्या त्रैराशिकाने पाहिले तर दुकानदाराला दुपारीच मोकळे व्हायला हवे, पण शटर मात्र पूर्वीच्याच वेळी खाली येते, आणि तरीही विचारल्यावर तो मनापासून सांगतो की हल्ली पुष्कळ वेळ वाचतो. पुण्यातील हिंजवडीच्या संगणक अभियंत्यापासून नागपुरातील वकिलाच्या कचेरीपर्यंत हेच कोडे भेटते. सांगणारा खोटे बोलत नसतो. त्याच्या मनातले घड्याळ चुकत असते. ते घड्याळ कशावर चालते हे कळले, तर वेळेपलीकडच्या अनेक गोष्टी, म्हणजे स्मरण, कौशल्य, सावधपणा आणि कामातले समाधान, या साधनांमुळे का बदलतात हेही उलगडू लागते.

मनातले घड्याळ श्रम मोजते

२०२५ च्या पहिल्या सहामाहीत एमईटीआर या अमेरिकी संशोधन संस्थेने १६ अनुभवी संगणक-प्रणालीकारांवर एक प्रयोग केला. हे सारे जण ज्या प्रणालींवर काही वर्षे काम करत होते त्यांच्यातलीच २४६ खरी कामे घेऊन, प्रत्येक कामासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन वापरायचे की नाही हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवण्यात आले. काम सुरू होण्यापूर्वी या मंडळींचा अंदाज होता की साधनामुळे वेळ २४ टक्क्यांनी कमी लागेल; काम संपल्यावर त्यांचे मत पडले की तो २० टक्क्यांनी कमी लागला; आणि नोंदी तपासल्यावर दिसले की साधन वापरण्याची मुभा असलेल्या कामांना प्रत्यक्षात १९ टक्के अधिक वेळ लागला होता. प्रयोग लहान होता आणि तो स्वतःच्या कामात मुरलेल्या तज्ज्ञांपुरता होता, त्यामुळे ही साधने सर्वांचेच काम मंदावतात असा अर्थ त्यातून काढता येत नाही. लक्षणीय आहे ती अनुभव आणि नोंद यांच्यातली दरी, कारण काम स्वतः करूनही, आणि करून झाल्यानंतरही, त्यांना ते लवकर झाले असेच वाटत राहिले.

या दरीचे एक कारण असे संभवते की माणसाकडे मिनिटे मोजणारे स्वतंत्र इंद्रिय नाही, आणि घड्याळ न पाहता गेलेल्या वेळेचा अंदाज बांधताना तो बऱ्याच अंशी किती जोर लावावा लागला, किती वेळा अडखळावे लागले, किती खाडाखोड झाली यांसारख्या खुणांचा आधार घेतो. उघड्या पातेल्यात डाळ शिजवणाऱ्या बाईला पळी फिरवण्यात, फेस काढण्यात आणि पाणी वाढवण्यात गेलेला प्रत्येक क्षण जाणवतो, तर कुकर लावणारी तीन शिट्ट्यांची वाट पाहत दुसरे काहीतरी करते आणि तो वेळ स्वयंपाकाच्या खात्यावर मांडतच नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाचेही तसेच आहे. कोऱ्या कागदासमोरची घुसमट, पहिले वाक्य सुचेपर्यंतची चुळबुळ हा लेखनातला सर्वांत जड भाग ते उचलते, आणि त्याच्या जागी सूचना लिहिणे, उत्तराची वाट पाहणे, आलेले वाचणे, ते नाकारणे आणि पुन्हा मागणे अशी हलकी पण लांबणारी कामे येतात. एमईटीआरच्या प्रयोगातील मंडळींनी साधनाने पुढे केलेल्या मजकुरापैकी ४४ टक्क्यांहूनही कमी स्वीकारला होता. उरलेला वाचून टाकून देण्यात गेलेला वेळ त्यांच्या मनाने बहुधा कष्टाच्या खात्यावर घेतलाच नाही.

वाचलेला वेळ जातो कुठे

अर्थात अनेक ठिकाणी वेळ खरोखरच वाचतो. शॅकेड नॉय आणि व्हिटनी झँग यांनी २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पत्रके, अहवाल आणि कार्यालयीन ईमेल यांसारखे लेखन करणाऱ्या पदवीधर व्यावसायिकांना चॅटजीपीटी दिल्यावर वेळ सुमारे ४० टक्क्यांनी घटला आणि परीक्षकांनी दिलेले गुण १८ टक्क्यांनी वाढले. परंतु एका कामात वाचलेला वेळ आणि संपूर्ण दिवसात वाचलेला वेळ या दोन वेगळ्या राशी आहेत. डेन्मार्कमधील सुमारे २५,००० कामगारांच्या नोंदी पाहणाऱ्या अँडर्स हुमलुम आणि एमिली वेस्टरगार्ड यांना २०२५ मध्ये असे आढळले की बोलक्या साधनांमुळे वापरकर्त्यांचा सरासरी तीनेक टक्केच वेळ वाचत होता, आणि पगारावर व कामाच्या तासांवर तर दखल घेण्याजोगा परिणाम दिसतच नव्हता.

चाळीस टक्के आणि तीन टक्के यांच्यामध्ये जे गळून जाते त्याची एक वाट अर्थशास्त्राने फार पूर्वी दाखवली आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १८६५ मध्ये असे निदर्शनास आणले की वाफेची इंजिने कमी कोळशात अधिक काम करू लागली तेव्हा कोळशाचा एकूण खप कमी न होता वाढला, कारण स्वस्त झालेली गोष्ट माणसे अधिक ठिकाणी वापरू लागली. घरकामाच्या इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मध्ये हीच गोष्ट धुलाई यंत्रांबद्दल दाखवली: यंत्र आल्यावर गृहिणीचे तास घटले नाहीत, कारण कपडे अधिक वेळा धुतले जाऊ लागले आणि ‘स्वच्छ’ या शब्दाचा अर्थच उंचावला. पाटा-वरवंटा जाऊन मिक्सर आला, तेव्हा चटणीच्या जागी तीन चटण्या आल्या, हे मराठी घरांनाही ठाऊक आहे.

मजकूर स्वस्त झाल्यावर मजकुराचेही असेच होते. पूर्वी अर्ध्या पानात संपणारे नळजोडणीचे आवेदन आता विषय, संदर्भ, पार्श्वभूमी आणि विनंती अशा चार परिच्छेदांत येते, आणि ते वाचणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर अशी पन्नास आवेदने पडतात. लिहिणाऱ्याचे श्रम कमी झालेले असतात, पण ते नाहीसे झालेले नसतात. त्यांतले काही टेबलाच्या पलीकडे सरकलेले असतात, आणि मूळ मुद्दा शोधण्याचे काम वाचणाऱ्याच्या वाट्याला आलेले असते. तो वाचणाराही उद्या सारांश काढण्यासाठी तेच साधन वापरू लागला, तर एका यंत्राने फुगवलेले दुसरे यंत्र पिळून काढील, आणि मध्ये कोणाचे काय साधले हे सांगणे अवघड होईल.

दुसरी गळती लक्षाची आहे. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये ‘लक्षाचा अवशेष’ ही कल्पना मांडली: एक काम अर्धवट ठेवून दुसऱ्याकडे वळल्यावर मनाचा काही भाग पहिल्या कामातच रेंगाळतो, आणि त्यामुळे दुसरे काम उणे पडते. साधनाचे उत्तर येईपर्यंतची वीस-तीस सेकंदे मोबाइल उचलायला पुरेशी आणि विश्रांतीला अपुरी असतात. दिवसभरात असे साठ-सत्तर तुकडे पडले, तर संध्याकाळी आलेला थकवा फार काम केल्याचा नसून फार वेळा वळल्याचा असतो.

नकाशा पाहून चालणारा

पुरानी बस्तीच्या गल्ल्या नवख्याला चकवतात. तेथे एखाद्याचे घर शोधताना दोनदा चुकलेला आणि पानठेल्यावर विचारत पोहोचलेला माणूस तिसऱ्या खेपेला न विचारता जातो, तर मोबाइलच्या नकाशाने ‘उजवीकडे वळा’ म्हटल्यावर वळणारा दहाव्या खेपेलाही नकाशाच उघडतो. लुईझा दहमानी आणि व्हेरोनिक बोहबो यांच्या २०२० च्या अभ्यासात दिशादर्शक साधनांवर अधिक विसंबणाऱ्यांची, स्वतःच्या आधाराने वाट शोधताना लागणारी स्थळस्मृती दुबळी आढळली, आणि काही सहभागींना तीन वर्षांनी पुन्हा तपासले असता अधिक वापरणाऱ्यांत ही घसरणही अधिक दिसली.

यामागची यंत्रणा मानसशास्त्राला बऱ्याच काळापासून परिचित आहे. नॉर्मन स्लामेका आणि पीटर ग्राफ यांनी १९७८ मध्ये दाखवले की जो शब्द माणूस एखाद्या सूचक खुणेवरून स्वतः शोधून काढतो तो नुसत्या वाचलेल्या शब्दापेक्षा अधिक चांगला लक्षात राहतो. याला ‘निर्मिती-परिणाम’ म्हणता येईल. स्मरण ही कपाटात वस्तू ठेवण्यासारखी क्रिया नसून वाट तुडवण्यासारखी आहे, आणि शोधताना मन जितक्या बाजूंनी चाचपडते तितक्या बाजूंनी त्या गोष्टीकडे पुन्हा येण्याच्या वाटा पडतात. तयार मजकूर वाचणाऱ्याच्या वाट्याला त्यातली एकच वाट येते.

रायपूरशी जोडलेल्या एका मराठी माणसाचे काम येथे डोळ्यांसमोर आणण्याजोगे आहे. १८७१ मध्ये जन्मलेले माधवराव सप्रे हे मराठीभाषक घरातले. १९०० मध्ये पेंड्रा येथून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, आणि पुढे समर्थ रामदासांचा ‘दासबोध’ व लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हे दोन्ही ग्रंथ हिंदीत आणले. अनुवादकाला मूळ मजकुरातला एकही शब्द ओलांडून जाता येत नाही. वाचक जेथे अर्थाचा साधारण वास घेऊन पुढे सरकतो, तेथे अनुवादकाला अर्थ पक्का करावाच लागतो. त्यामुळे ‘गीतारहस्या’चे भाषांतर करणारा हा त्या ग्रंथाच्या सर्वांत बारीक वाचकांपैकी एक ठरतो. आज तेवढाच मजकूर यंत्र काही मिनिटांत हिंदीत उतरवील, आणि पुष्कळ प्रमाणात ठीक उतरवील; फक्त त्या उतरवण्यातून जो वाचक घडायचा तो घडणार नाही. ज्याला केवळ हिंदी प्रत हवी आहे त्याचे यात काहीच नुकसान नाही, आणि ज्याला ग्रंथ जाणून घ्यायचा आहे त्याचे मोठे आहे. दोघांना पडद्यावर दिसते ते मात्र सारखेच.

अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये नतालिया कोस्मिना आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये ५४ जणांकडून निबंध लिहून घेतले, तेव्हा चॅटजीपीटीच्या मदतीने लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना, निबंध लिहून संपवल्यावर थोड्याच वेळात, त्यातले एक वाक्यही नीट उद्धृत करता आले नाही. हा अभ्यास लहान आहे आणि त्यावरून मेंदू आक्रसतो वगैरे जे मथळे छापले गेले त्यांना त्यात आधार नाही. लक्षात न राहण्याचा भाग मात्र स्लामेका-ग्राफ यांच्या निष्कर्षांशी नीट जुळतो.

याहून फसवी गोष्ट अशी की आपल्याला कळले नाही हेही माणसाला कळत नाही. मॅथ्यू फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले की इंटरनेटवर उत्तरे शोधून झालेल्या माणसांना, शोधलेल्या विषयांशी संबंध नसलेल्या विषयांतही आपले स्वतःचे ज्ञान अधिक असल्याचा भास होतो. त्यात भर पडते ती मजकुराच्या सफाईची. रॉल्फ रेबर आणि नॉर्बर्ट श्वार्ट्झ यांनी १९९९ मध्ये दाखवले होते की तेच विधान वाचायला सोपे जाईल अशा रंगात छापले तर लोकांना ते अधिक खरे वाटते. सहज वाचता येणे आणि खरे असणे यांत मन गल्लत करते, आणि ही साधने तर प्रवाही मजकूर लिहिण्यातच निष्णात आहेत, कारण मागील शब्दांवरून पुढचा संभाव्य शब्द कोणता हे ठरवण्याच्या सरावावरच त्यांची घडण झालेली असते.

शिकाऊ आणि मुरलेला

एरिक ब्रिन्योल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड यांनी २०२३ मध्ये पाच हजारांहून अधिक ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. ग्राहकाशी लिखित संवाद चालू असताना साधन कर्मचाऱ्याला उत्तरे सुचवत असे. तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्या आणि कमी कुशल कर्मचाऱ्यांत ही वाढ ३४ टक्के होती आणि मुरलेल्यांत जवळजवळ शून्य. साधन पूर्वीच्या संवादांवर घडवलेले असल्यामुळे उत्तम कर्मचाऱ्यांच्या बोलण्याच्या ढबी, म्हणजे जे ज्ञान कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नसते ते, नवख्यांच्या हाती आयते येत होते. गुरूजवळ दोन वर्षे बसून जे अंगी भिनायचे ते काही आठवड्यांत हाती येऊ लागले, असे हे चित्र आहे.

आणखी विशेष असे की यंत्रणा मध्येच बंद पडे तेव्हाही या नवख्यांची कामगिरी पूर्ववत खाली येत नसे, म्हणजे ते काहीतरी शिकलेले होते. याच्या अगदी उलट निकाल तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत हम्सा बस्तानी आणि सहकाऱ्यांना मिळाला. गणिताचा सराव करताना ज्या मुलांना साधे बोलके साधन दिले त्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली, पण साधन काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ती मुले साधन कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. तिसऱ्या गटाला मात्र असे साधन दिले होते की ते शिक्षकांनी ठरवून दिल्याप्रमाणे इशारे देई आणि थेट उत्तर टाळी. त्या गटाची सरावातली सुधारणा तर १२७ टक्के होती, आणि परीक्षेतले नुकसान जवळपास नाहीसे झाले होते.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की फरक कोठे आहे ते दिसते. ग्राहकसेवेत समोर खरा, चिडलेला माणूस होता, सुचवलेले उत्तर द्यायचे की बदलायचे हे दर वेळी ठरवावे लागे, आणि चूक झाली तर ती लगेच अंगावर येई. शाळेतल्या मुलाला उत्तर मिळाले की प्रश्न संपत असे. दोन्हीकडे तंत्रज्ञान एकाच जातीचे होते. निर्णयाचा शेवटचा घास कोणाच्या तोंडी जातो एवढाच भेद होता. पुरानी बस्तीतील दुकानात नवा मुलगा कामाला ठेवला, तर तो आवेदन कसे लिहावे हे साधनाकडून शिकेल की साधनाला आवेदन कसे मागावे एवढेच शिकेल, हे ग्राहकाशी बोलणे, त्याची अडचण समजून घेणे आणि कागद परत आल्यावर बोलणी खाणे त्याच्या वाट्याला येते की नाही यावर बरेचसे अवलंबून राहील.

चौकट : दातेरी सीमा
साधन कोणत्या कामात वाकबगार आहे आणि कोणत्या कामात कच्चे, यांच्यातली रेघ सरळ नसून करवतीच्या दातांसारखी वेडीवाकडी असते, असे २०२३ मध्ये फाब्रित्सिओ देल्लाक्वा आणि सहकाऱ्यांनी दाखवले. बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ७५८ सल्लागारांना त्यांनी दोन प्रकारची कामे दिली. पहिल्या प्रकारात साधन वापरणाऱ्यांनी सुमारे १२ टक्के अधिक कामे सुमारे २५ टक्के कमी वेळात केली. दुसऱ्या प्रकारच्या, दिसायला तितक्याच अवघड कामात, साधनाविना काम करणाऱ्यांपैकी ८४ टक्के लोकांचे उत्तर बरोबर आले, तर साधन वापरणाऱ्यांपैकी ६० ते ७० टक्के लोकांचेच आले. माणसाला जे अवघड वाटते ते यंत्रालाही अवघड असेल, हा अंदाज येथे उपयोगी पडत नाही.

तपासनिसाचे डोळे

यंत्र लिहील आणि माणूस तपासील, ही विभागणी ऐकायला निर्धोक वाटते. तिच्यातली खोच ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच, कारखान्यांतील स्वयंचलित यंत्रणांचा विचार करताना, उघड केली होती. सोपे काम यंत्राकडे गेले की माणसाकडे दोनच गोष्टी उरतात: यंत्रावर नजर ठेवणे, आणि ते चुकेल तेव्हा हाती घेणे. यांपैकी पहिली माणसाला जमत नाही आणि दुसरीसाठी लागणारा हात सरावाअभावी गेलेला असतो.

पहिली का जमत नाही, याचा पुरावा दुसऱ्या महायुद्धातील रडारपहाऱ्याच्या अडचणीतून पुढे आला. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना एका फिरत्या काट्याकडे पाहत बसवले होते, आणि काटा क्वचित दुप्पट उडी मारी तेव्हा खूण करायची होती. अर्ध्या तासातच त्यांच्या नजरेतून उड्या निसटू लागल्या. जी चूक क्वचितच घडते तिची वाट पाहणे मनाला फार काळ पेलत नाही. साधन शंभरातली साठ आवेदने चुकवत असते तर दुकानदार प्रत्येक ओळ वाचता. ते दोनच चुकवते, म्हणून वडिलांच्या नावाच्या जागी सासऱ्याचे नाव पडलेले आवेदन तहसील कचेरीत जाऊन पोहोचते.

हात जाण्याचा पुरावा वैद्यकातून आला आहे. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पोलंडमधील अभ्यासात, मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने केलेल्या तपासणीत कर्करोगपूर्व गाठी ओळखून दाखवणारे साधन वापरात आल्यानंतर, त्या साधनाविना केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आले. हे डॉक्टर नवशिके नव्हते. पडद्यावरची हिरवी चौकट बोट दाखवील या सवयीने त्यांची नजर स्वतः शोधायचे थोडे विसरली असावी, असा तर्क करता येतो, जरी अशा निरीक्षणात्मक अभ्यासातून कारण निर्विवाद सिद्ध होत नाही.

मायक्रोसॉफ्ट आणि कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ मध्ये ३१९ बौद्धिक श्रम करणाऱ्यांना विचारले तेव्हा, साधनावर अधिक भरवसा असणारे कमी पारखतात आणि स्वतःच्या कौशल्यावर भरवसा असणारे अधिक पारखतात, असे चित्र पुढे आले. पारख करायला ज्ञान लागते, आणि ते ज्ञान स्वतः काम करताना मिळते. त्यामुळे आज उत्तम तपासनीस कोण, तर ज्याने काल साधनाविना काम केले तो. उद्याचा तपासनीस कोठून यायचा, हा प्रश्न बेनब्रिज यांनी चाळीस वर्षांपूर्वी जेथे सोडला होता तेथेच आहे.

आयते मिळाल्याची सल

कामाचे समाधान कशातून मिळते याचे एक सर्वमान्य विवेचन एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी केले आहे: आपण स्वेच्छेने वागतो आहोत, आपल्याला हे जमते आहे, आणि आपण इतरांशी जोडलेले आहोत, या तीन जाणिवा मिळाल्या तर माणूस बक्षिसाशिवायही काम करतो. साधनाने लिहिलेला मजकूर चांगला असला की यांतली दुसरी जाणीव डळमळते, कारण जमले ते नेमके कोणाला, हे स्पष्ट नसते. २०२५ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आलेल्या, साडेतीन हजारांहून अधिक लोकांवरील चार प्रयोगांत, साधनाच्या मदतीने केलेले काम सरस ठरले, परंतु त्यानंतर लगेच दुसरे काम एकट्याने करायला दिले तेव्हा त्या लोकांचा उत्साह घटलेला आणि कंटाळा वाढलेला दिसला. सायकलच्या पाठीशी वारा असताना तो जाणवत नाही; रस्ता वळला की पायडल जड झाल्यासारखे वाटते.

याला सामाजिक पदरही आहे. मराठीत ‘आयते’ हा शब्द कौतुकाने फारसा उच्चारला जात नाही, आणि आयत्या बिळावर नागोबा कोणालाच म्हणवून घ्यायचे नसते. ही केवळ मराठी मनाची खोड नव्हे. जेसिका रायफ आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये ४,००० हून अधिक लोकांसह केलेल्या प्रयोगांत, कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेणारा कर्मचारी इतरांना अधिक आळशी आणि कमी सक्षम वाटतो, आणि मदत घेणाऱ्यालाही आपल्याबद्दल तसे वाटले जाईल याची भीती असते, असे आढळले. त्यामुळे साधनाचा वापर लपवला जातो, आणि लपवल्यामुळे कोणते काम किती वेळाचे हा संस्थेतला सामाईक अंदाजच बिघडतो. सहकाऱ्याने एका दुपारी वीस पानी अहवाल दिला हे पाहून दुसरा स्वतःला मंद समजू लागतो. या दोघांच्या साहेबाला तर दोन्ही गोष्टी ठाऊक नसतात.

‘मोला’ आणि ‘मला’

मे २०२५ मध्ये नवा रायपूर येथे मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांच्या हस्ते कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. पुरानी बस्तीपासून ही जागा फार लांब नाही, पण त्या यंत्रांना ज्या भाषा उत्तम येतात त्यांच्यात बस्तीतल्या गल्लीची भाषा बसत नाही. नोव्हेंबर २००७ पासून राजभाषेचा दर्जा मिळालेल्या छत्तीसगडीत इंटरनेटवर मजकूर थोडा आहे, आणि मजकूर थोडा असलेल्या भाषेत ही साधने शेजारच्या मोठ्या भाषेकडे घसरतात. ‘मोला’ लिहायचे तेथे ‘मुझे’ पडते, ‘हमन’च्या जागी ‘हम लोग’ येते. गंमत अशी की येथील मराठी माणसाला ‘मोला’ हे आपल्या ‘मला’चे भावंड वाटते, त्यामुळे ही घसरण त्याच्या कानाला लगेच खुपते. त्याच्या स्वतःच्या, नागपुरी वळणाच्या आणि हिंदीशी शेजार केलेल्या मराठीचेही असेच आहे. ‘येऊन राहिलो’ असे बोलणाऱ्या घराच्या मुंजीच्या पत्रिकेला साधन पुण्याच्या सदाशिव पेठेचा सूर लावते, आणि घरातली आजी ती वाचून विचारते की ही पत्रिका नेमकी कोणाकडची.

याचा एक परिणाम असा की जेथे साधन अडखळते तेथे वर सांगितलेली बरीचशी यंत्रणा उलट दिशेने फिरते. चुका वारंवार होत असल्यामुळे नजर पेंगत नाही, प्रवाहीपणाचा भास निर्माण होत नाही, शब्द स्वतः शोधावा लागतो आणि म्हणून तो लक्षात राहतो. खेड्यातून आलेल्या म्हातारीचे निवेदन तिच्याच भाषेत हवे असेल, तर दुकानदाराला यंत्राचा मसुदा तिला मोठ्याने वाचून दाखवावा लागतो, ती प्रत्येक दुसऱ्या ओळीला मान हलवून थांबवते, तो खोडून तिचा शब्द घालतो आणि पुढे वाचतो. अशा आवेदनाला वीस मिनिटे लागतात, आणि दुकानदाराला ती वीस मिनिटे वीसच वाटतात.